पावत्या सिंहात आहेत

"तिला खर्चात दाखवून टाकू या."

हे वाक्य माझ्याबद्दल होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. मी पॅसेजमध्ये कपाटाच्या आडोशाला उभी होते, हातात झेब्र्याच्या शेपट्या (धुऊन वाळवलेल्या), आणि आत स्वयंपाकघरात सासूबाई सासऱ्यांना हे सांगत होत्या. आवाज एकदम शांत. दूध उतू जातंय हेही त्या याच आवाजात सांगतात.

"कुठल्या खर्चात?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते सल्लागार सांगतील. गोंद, दोरा, कापूस, त्याच्याच खाली कुठेतरी."

लग्नाला अजून महिनाही झाला नव्हता. सासरी नव्या सुनेला काय काय म्हणतात, याची माहेरी माझ्याकडून चांगली तयारी करून घेतली होती. आळशी म्हणतील, शिष्ट म्हणतील, हिला काही येत नाही म्हणतील. पण कापसाच्या खालचा खर्च म्हणतील, हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी शेपट्या छातीशी धरून तशीच मागे सरकले. विचारलं काहीच नाही. मुळात मी बोलतेच कमी. (त्यामुळे लोकांना मी विचारी वाटते. तो गैरसमज मी जिवापाड जपला आहे.)

आता शेपट्यांबद्दल सांगायला हवं. माझ्या सासूबाई घरी बसून प्राणी शिवतात. शाळांच्या नाटकांत जे सिंह, अस्वलं, ससे नाचतात, ते त्यांच्या हातचे. अंगरखा कापडाचा, डोकं कागदाच्या लगद्याचं आणि डोळे असे, की पाठ वळवली तरी आपल्याकडेच बघताहेत असं वाटावं. मी पहिल्यांदा त्यांना सिंहाची आयाळ लावताना पाहिलं, तेव्हा हातातला चहा गार होईपर्यंत उभीच राहिले. पण त्या स्वतः याला "हातचं काम" म्हणायच्या. व्यवसाय वगैरे म्हणजे पाटी लावून करतात ते, अशी त्यांची समजूत.

यंदा एका मोठ्या शाळेने त्यांच्याकडून अख्खं जंगल शिवून घेतलं आणि पैसे बँकेतून दिले. सोबत एक कागद आला. इतके पैसे यांना दिल्याचं आम्ही कर खात्याला कळवलं आहे, असं त्यात लिहिलेलं. दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, कागद पुन्हा वाचला आणि भारावलेल्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे मी अस्वलं शिवते, हे सरकारला माहीत आहे!"

लगेच सल्लागारांना बोलावणं गेलं. हे सासऱ्यांचे शाळेपासूनचे मित्र, लोकांची करविवरणं भरून देतात. गालात कायम खोकल्याची गोळी.

"घरी बसून कमावलेलं तेही कमावलेलंच, वहिनी," त्यांनी समजावलं. "बँकेतून येवो, रोख येवो. सगळं दाखवायचं, त्यातून खर्च वजा करायचा, उरेल त्यावर कर. आणि रिटर्न तारखेच्या आत."

"रोखीचं कोणाला कळणार आहे?" माझा नवरा म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो उठून कपबश्या विसळायला गेला.

"आणि लिंबं?" सासूबाईंनी विचारलं.

"कसली लिंबं?"

"समोरच्या बाईंना सशाचे कान करून दिले. पैसे नव्हते, म्हणून त्यांनी टोपलीभर लिंबं दिली."

सल्लागारांच्या गालातली गोळी थांबली. "बाजारभावाने दाखवा," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"मोठी होती हो," सासूबाई काळजीने म्हणाल्या. "मोठ्यांचा भाव धरा."

मी दारात ट्रे घेऊन उभी होते. आमच्या माहेरी कराचं नाव निघालं की खिडक्या लावून घेत. इथे एक बाई स्वतःहून लिंबं कबूल करत होती! त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला, तो मी जन्मात कोणाला बोलून दाखवू शकणार नाही, हेही मला तेव्हाच कळलं. मी ट्रे ठेवला आणि आत गेले. म्हणून पुढचं संभाषण माझ्या कानांवर आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी आलं ते थेट पॅसेजमधलं वाक्य.

ते वाक्य उराशी घेऊन मी आठवडाभर शेपट्यांत कापूस भरला. भरताना कापसाकडे जरा तुच्छतेने पाहिलं, कारण यादीत तो माझ्या वर होता. आणि मग एका दुपारी सासूबाईंनी माझ्या हातात पाकीट ठेवलं.

"शेपट्यांचे," त्या म्हणाल्या.

मी पाकीट उघडलं. आत नोटा.

"अगं, सल्लागार म्हणाले, घरातल्या माणसाला दिलेला पगारही खर्चात धरता येतो. पण काम खरं हवं आणि पैसेही खरे द्यायला हवेत. नुसतं कागदावर चालत नाही. तुझं काम खरं आहे. मी बघते ना रोज."

माहेरी मी काय कमी शिवलं, भरलं, टाचलं होतं? पण 'तुझं काम खरं आहे' असं आजवर कोणी म्हणालं नव्हतं. काहीतरी भव्य बोलावंसं वाटलं. मी म्हणाले, "हं."

इथवर सगळं छान होतं. बिघडलं ते सल्लागारांच्या दुसऱ्या एका वाक्याने. घराचा जो भाग फक्त व्यवसायासाठी वापरता, त्याचं भाडं आणि वीज त्या प्रमाणात खर्चात धरता येतं, असं ते सांगून गेले होते. "पण फक्त म्हणजे फक्त," असंही म्हणाले होते.

माझे सासरे वजनमापं खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासलेल्या माणसाला 'प्रमाणात' हा शब्द म्हणजे आमंत्रणच. त्यांनी ट्रंकेतून फीत काढली आणि घर मोजायला सुरुवात केली. आणि आमचं जंगल राहतं कुठे? आमच्या खोलीत. लग्नाआधी ते प्राण्यांचं गोदामच होतं. लग्न ठरलं तेव्हा प्राण्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे पलंगाच्या एका अंगाला अस्वलं, दुसऱ्या अंगाला सिंह, आणि सकाळी डोळे उघडावेत तर वर जिराफ. (नवरा म्हणतो, सवय होते. जिराफाला झाली असावी.)

सासऱ्यांनी खोलीच्या मधोमध चिकटपट्टी लावली. पलीकडे व्यवसाय, अलीकडे आम्ही. दुर्दैवाने कपड्यांचं कपाट व्यवसायात गेलं.

"अरे, तू व्यवसायात उभा आहेस!" सासूबाई दारातून ओरडल्या.

"आई, शर्ट घेतोय."

"मग निदान येताना कामाचं काहीतरी घेऊन ये. नुसता शर्ट आणलास तर खोटं होईल ना ते!"

तेव्हापासून नवरा शर्टासोबत सशाचा कान घेऊन बाहेर येऊ लागला. एकदा तर तो कान खिशात घेऊनच ऑफिसला गेला आणि मीटिंगमध्ये त्या कानानेच कपाळ पुसलं.

पण सासूबाईंचं समाधान होईना. "पट्टीने काय होतंय? पंखा तर एकच आहे. तो दोन्हीकडे फिरतो." दोन दिवस त्या अस्वस्थ होत्या. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी निर्णय दिला. "खोली पूर्ण व्यवसायाला देऊन टाकू. यांचा पलंग बाहेरच्या खोलीत. सल्लागार पावत्या बघायला यायच्या आत हलवू."

"चालेल," नवरा म्हणाला.

(माझा नवरा फार चांगला आहे. त्याला सगळं चालतं. त्याचा गुण हाच आणि माझी तक्रारही हीच.)

मला मात्र हे चालणार नव्हतं. बाहेरच्या खोलीला कडी नाही. तिथे सासरे पहाटे बातम्या ऐकतात, तिथेच गिऱ्हाइकं येऊन पेंग्विन घालून बघतात. आणि खरं सांगायचं तर, मी अगदीच बोलत नाही असं नाही. त्या खोलीची कडी लावली की मी बोलते. पुष्कळ बोलते. दिवसभराचं साठलेलं सगळं. नवऱ्याला झोप लागेपर्यंत बोलते आणि लागल्यावर अस्वलांशी बोलते. पलंग बाहेर गेला असता, तर माझी वाचाच गेली असती.

पण बोलू कोणाशी? सासूबाई खोली बळकावत नव्हत्या. त्या फक्त खरं वागत होत्या. खाष्ट सासूशी कसं भांडावं, हे माझ्या मैत्रिणींना पाठ आहे. प्रामाणिक सासूशी कसं भांडतात, हे कोणालाच माहीत नाही. त्यातून माझ्या कपाटात (व्यवसायातल्या) ते पाकीट होतं.

ठरल्या दिवशी सल्लागार आले. ठरल्या वेळेआधीच आले, त्यामुळे पलंग हलायचा राहिला होता.

"वहिनी, पावत्या काढून ठेवल्यात ना?"

"सिंहात आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे सिंहाच्या खर्चात?"

"नाही हो. सिंहात." त्यांनी आमच्या खोलीत नेऊन सिंहाचं डोकं दाखवलं. "डोकं करायला कागदाचे थर लागतात ना. कापडवाल्याच्या पावतीचा कागद इतका छान जाड असतो! वाया कशाला घालवायचा? यंदाच्या सगळ्या सिंहात आहेत. गेल्या वर्षीच्या अस्वलात."

सल्लागार पलंगावर बसले. आमच्याच. गालातली गोळी त्यांनी बहुतेक गिळली. मग एका थकलेल्या माणसाच्या धीराने त्यांनी विचारलं, "आतल्या बाजूने वाचता येतात?"

"शेवटच्या थराच्या येतात की."

त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि आपलं डोकं सिंहात घातलं. खांद्यापर्यंत. सिंहाचा जबडा उजळला. आतून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. "कापूस... तारीख दिसतेय... लाल कापड... गोंद, मोठा डबा... वहिनी, आतून काय सफाई आहे हो! एक सुरकुती नाही!" सासरे खाली बसून लिहून घेत होते. नवरा सशाचा कान घेऊन उभा होता, सवयीने. तेवढ्यात त्या मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका पेंग्विनाची चौकशी करायला आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

"आणि ही खोली," सिंह म्हणाला, "फक्त व्यवसायासाठी ना? तसं लिहू?"

"आज संध्याकाळी होईल," सासूबाई म्हणाल्या. "पलंग बाहेर निघतोय."

"चालेल," नवरा म्हणाला.

"नको," मी म्हणाले.

सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. कोण बोललं ते कोणाला कळलं नाही.

"काय?" सिंहाने विचारलं. "आत काही ऐकू येत नाही."

"आम्ही इथे..."

"मोठ्याने बोला!"

मी आयुष्यात पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला. "या खोलीत आम्ही दोघं झोपतो!" मी सिंहाच्या कानात ओरडले. "रोज झोपतो! पलंग कुठेही जाणार नाही! प्राणी आमच्याकडे राहायला आलेत, आम्ही प्राण्यांकडे नाही!"

सासऱ्यांनी 'रोज' लिहून घेतलं होतं, ते खोडलं. नवऱ्याने सशाचा कान तोंडावर धरला. मुख्याध्यापिका छताकडे फार लक्षपूर्वक पाहत होत्या, तेव्हा कुठे मला त्या दिसल्या. जमीन दुभंगावी असं वाटलं. (चिकटपट्टीपाशी दुभंगली असती तर मी आमच्याच बाजूला राहिले असते, एवढंच समाधान.)

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. शाळेच्या त्या कागदाकडे पाहिलं होतं, अगदी तसंच. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"एवढा आवाज आहे होय गं तुला!" त्या म्हणाल्या. मग सिंहाकडे वळल्या. "ऐकलंत ना? खोली त्यांची आहे. कडीसकट. खर्चात धरायची नाही. आणि अहो, तुम्ही लावलेली ती पट्टी काढा आधी."

खोली वाचली! मला एकदम जिराफाएवढं उंच झाल्यासारखं वाटलं. एवढंच असतं होय बोलणं? उगाच इतकी वर्षं घाबरत होते. आता रोज बोलावं, स्वयंपाकघरात बोलावं, पाहुण्यांसमोर बोलावं, असे बेत मी मनात आखत होते, तेवढ्यात सिंहाने जबडा माझ्याकडे वळवला. टॉर्चचा झोत थेट तोंडावर आला.

"म्हणजे सूनबाई, खोली तुमची, पण माल व्यवसायाचा?"

मी अभिमानाने मान हलवली.

"मग वहिनींनी तुम्हाला भाडं द्यायला हवं. ते त्यांच्या खर्चात, तुमच्या उत्पन्नात. पगार आहेच. म्हणजे रिटर्न तुमचंही भरावं लागेल."

"भाडं!" सासूबाईंचा चेहरा उजळला. "द्यायलाच हवं की! माझ्या कसं लक्षात आलं नाही? आणि अगं, लग्नाआधी तू मुलांना चित्रकला शिकवायचीस ना? ते रोखच असेल. आठवून ठेव हं सगळं. कोणी लिंबंबिंबं दिली असली तर तीही. आता बोलायला लागली आहेस, तर सल्लागारांना पहिल्यापासून सांग बघू."

सासऱ्यांनी कोरा कागद घेतला. मुख्याध्यापिका आत येऊन खुर्चीवर बसल्या. नवरा, अस्वलं, जिराफ, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुन्हा छाती भरून श्वास घेतला आणि सिंहाच्या आतपर्यंत पोचेल अशा स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "मी काही बोललेच नाही!"