शब्दार्थ-निश्चिती समिती आणि शकुनबाईंची मेथी

अकोल्याच्या भाजीबाजारात सिमेंटचा ओटा आणि वर पत्रे असा एक स्टॉल बांधून तयार झाला. तो 'गरजू भाजी विक्रेत्यास तात्काळ द्यावा' असा वरून आदेश आला. सर्वांत गरजू शकुनबाई ठरल्या. त्या रस्त्याच्या कडेला पोत्यावर बसतात आणि अकोल्याच्या उन्हात त्यांची मेथी दुपारच्या आत मान टाकते. फक्त भगवंतरावांची सही राहिली होती.

बाजार विभागाचे अधीक्षक भगवंतराव यांनी आजवरच्या नोकरीत मार्गदर्शन मागवल्याशिवाय एकही सही केलेली नाही. त्यांनी आदेश वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, आदेशात स्टॉल लिवलं. पण स्टॉल म्हंजे काय, ते कुठं लिवलं?"

"साहेब, तो काय समोर दिसून राहिला!"

"दिसून राहिला म्हणून सही होते काय? उद्या ऑडिट आलं तं काय सांगू? मले दिसला म्हणून देला?"

सबब शब्दार्थ-निश्चिती समिती नेमण्यात आली. अध्यक्ष झाले इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक गोपाळकृष्ण. त्यांनी ऑटोतून जाडजूड शब्दकोश आणला आणि शब्दाला चार अर्थ असल्याचं जाहीर केलं. विक्रीची जागा, हा पहिला. त्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता, म्हणून त्यावर चर्चा झाली नाही.

दुसरा अर्थ निघाला तबेल्यातला जनावर बांधायचा कप्पा. तेव्हा अर्जदाराकडे जनावर नसल्याचा पशुवैद्यकाचा दाखला आवश्यक झाला. पशुवैद्यक घरी गेले तर अंगणात बकरी. प्रकरण अडलं. शकुनबाईंनी बकरी विकली आणि दाखला मिळवला.

तिसरा अर्थ नाट्यगृहातली पुढची खुर्ची. मग अग्निशमनाचा दाखला लागला, शिवाय मेथी विकताना नाट्यप्रयोग करणार नाही असं हमीपत्र.

"नाटक तं इथंच चालू हाये," शकुनबाई म्हणाल्या.

हे विधान अध्यक्षांनी गांभीर्यानं घेतलं आणि पाहणी पथक पाठवलं.

चौथा अर्थ भगवंतरावांनी मनातल्या मनात वाचला, पंखा जोरात करायला लावला आणि तो इतिवृत्तात घेऊ नये असं सुचवलं. सूचना एकमतानं मंजूर झाली.

एवढ्यात प्राध्यापकांना शब्दाचं मूळ सापडलं. मागे जाता जाता त्यांना थेट संस्कृतातलं 'स्थल' भेटलं. "म्हणजे शब्द आपलाच!" ते ओरडले. भगवंतरावांचे डोळे पाणावले. शब्द परत मिळाल्याबद्दल प्राध्यापकांचा जाहीर सत्कार ठरला. महिना मे होता आणि बाजारात सावली एकाच ठिकाणी होती, त्यामुळे कार्यक्रम स्टॉलमध्ये घेण्यात आला.

भाषणं लांबली. समोर शकुनबाई पोत्यावर बसून मेथीवर पाणी शिंपडत होत्या. ते बघून श्रोत्यांत बसलेल्या माझं डोकं फिरलं, पण टाळ्यांच्या वेळी टाळ्या मीही वाजवल्या.

सत्कारानंतर गोपाळकृष्ण शाल सावरत शकुनबाईंसमोर उभे राहिले.

"शकुनबाई, मेथी सुकली हो. भाव कमी लावा. आणि वरतून थोडा सांबार टाका."

वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि भाजीवर तो फुकटच मागतात. या शब्दाचा अर्थ समितीतल्या एकालाही विचारावा लागला नाही. सगळ्यांच्या पिशव्यांत सांबार पडला.

"साहेब, मले सावली कवा भेटन?" शकुनबाईंनी विचारलं.

"बाई, अहवाल तं येऊ द्या," भगवंतराव पिशवी सांभाळत म्हणाले.

अहवालाचं काम जोरात चालू आहे. त्यासाठी स्टॉलमध्ये समितीचं कार्यालय थाटलं असून कूलरही बसवला आहे.

वाचकहो, शकुनबाई अजून उन्हातच बसतात. आणि एवढं वाचून तुम्हाला जर तो चौथा अर्थ कोणता याचीच चुटपुट लागली असेल, तर समितीत एक जागा रिकामी आहे. बसायला सावली मिळेल.