गुंडीची लस आणि वकिलांची पँट

गुंडीला लस टोचून आणायची असं शिंप्याच्या घरात ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त घाबरला तो शिंपीच. माणूस दिवसभर सुईशी खेळणारा, पण ती सुई कापडात जायची. मागच्या गल्लीतली दोन कुत्री डिस्टेंपरने गेली होती. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो हे कळल्यापासून तो दिवसातून दहादा गुंडीचं नाक चाचपून बघत होता. मुलं मोठी होऊन पांगल्यावर घरात आलेली ही कुत्री म्हणजे त्याचं शेंडेफळच होतं.

दवाखान्यात गुंडीने सिरिंज पाहिली आणि ती थेट औषधांच्या कपाटामागे शिरली. तिला बाहेर काढता काढता डॉक्टरांचा चष्मा वाकला, शिंप्याचा सदरा फाटला आणि गुंडी लस न घेताच शेपूट उंच धरून घरी परतली. तोंड पाडून सांगितलेली ही हकिगत शिंप्याच्या बायकोने शांतपणे ऐकून घेतली.

"अहो, मशीन चालू असलं की ती खाली ढाराढूर झोपते," ती म्हणाली. "डॉक्टरांनाच घरी बोलवा की."

डॉक्टर बिचारे भले. आपल्या पांढऱ्या ढगळ कोटात संध्याकाळी हजर झाले. शिंपी मशीनवर बसला, गुंडी त्याच्या पायाशी अंगाचं मुटकुळं करून पडली. पण रिकाम्या मशीनचा आवाज वेगळा येतो. गुंडीने लगेच एक डोळा उघडला. मग बायकोने दुरुस्तीला आलेल्या कपड्यांतली हाताला लागलेली वकिलांची पँट सुईखाली सरकवली आणि सूर जमला. गुंडी घोरू लागली. डॉक्टर एका हाताने मशीनच्या फळीचा आधार घेऊन खाली वाकले.

"थांबू नका," ते कुजबुजले. "शिवत राहा."

गुंडीला टोचलेलं बघवणार नाही म्हणून शिंप्याने डोळे गच्च मिटले. पाय चालत राहिले. बोटांना लागेल ते कापड हात सवयीने पुढे सरकवत राहिले.

"झालं," म्हणत डॉक्टर उभे राहिले. त्यांच्याबरोबर वकिलांची पँटही उभी राहिली. कोटाच्या ढगळ बाहीला ती चांगली पक्की शिवली गेली होती. मशीन थांबल्यामुळे गुंडी जागी झाली आणि झोपमोड करणाऱ्या सगळ्यांकडे नाराजीने पाहत बाहेर निघून गेली.

शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून त्याने टाके उसवले. पुढच्या महिन्यात दुसरा डोस द्यावाच लागेल, एवढंच सांगून डॉक्टर गेले. आता हा माणूस कसला पुन्हा आपला उंबरा चढतोय, असं शिंप्याने मनाशी धरलं. बोलवायला जायचा धीर होईना आणि गुंडीचा डोस तर चुकवून चालणार नव्हता.

महिना सरला तसे डॉक्टर आपण होऊन दारात उभे. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काखेत कापडाचा गठ्ठा.

"दवाखान्याचे पडदे," गठ्ठा मशीनवर ठेवत ते म्हणाले. "तुम्ही डोळे मिटूनच शिवणार. म्हटलं, सरळ शिलाईचं काम द्यावं."

शिंप्याने उघड्या डोळ्यांनी एवढी सरळ शिलाई जन्मात घातली नव्हती, असं त्याची बायको आजही सांगते.