घड्याळाच्या चौकशीत हेमांगीबाई सबनीस यांणी नाव न दिल्याची बखर

श्री. जी देवता दार लोटोन आत येत नाही, उंबऱ्याशी थांबोन हाक देते, तीस प्रथम नमन. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, आणि संवत्सराचे नाव जैसे तैसेच वर्तमान जाहले, ते खरे ते लिहितो, कोणाच्या भिडेने लिहीत नाही. एक राज्य होते, आणि राज्यात एक विद्यापीठ होते, आणि तेथे हेमांगीबाई सबनीस म्हणोन विदुषी बावीस वर्षे शिकवीत होत्या. त्यांचा विषय असा की, मोबाइल, क्यामेरे आणि नानाविध यंत्रे कोणाची गोष्ट कोणास नेऊन सांगतात, आणि माणसाचे खासगी म्हणोन काही उरते की नाही, याचा शोध करावा. प्रथम पंडितमंडळी हसली, की ज्याने पाप केले नाही त्यास लपवावयाचे काय? तेव्हा बाईंनी भर सभेत पुसिले, की पंत, आपण स्नानास जाता तेव्हा कडी का लाविता? मग बाईंचे बढतीचे कागद नऊ वर्षे फडताळात निजले.

ऐसे असता नगराच्या मुख्य कारभाऱ्यांच्या मनात आले की, रस्ते झाडणाऱ्या बाया काम करितात की चकाट्या पिटतात, हे घरबसल्या कळावे. म्हणोन हजारो घड्याळे आणविली आणि एकेकीच्या मनगटी बांधिली, आणि कोण किती चालली, कोठे थांबली, हे घड्याळाने परस्पर कचेरीत कळवावे ऐसे केले. बाई मोरीला गेली तरी कचेरीत कळे, आणि उन्हात घटकाभर टेकली तरी पगार कापला जाई. लाज वाटली पाहिजे, परंतु वाटली नाही. मग हेमांगीबाई तीन वर्षे त्या बायांसंगे पहाटेस हिंडल्या, टपरीवर त्यांच्यासंगे चहा प्यायल्या, आणि शोध करणारांची जी रीत आहे, की बोलणाराचे नाव कदापि फुटू देणार नाही, ते वचन प्रत्येकीस दिले, आणि ग्रंथात नावाऐवजी क्रमांक घातले, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी निराळ्या वहीत ठेविली. त्यात क्रमांक सतरा इणे सांगितले की, पाय सुजोन भोपळा जाहला, रजा मिळेना, तेव्हा मी रोज माझ्या वाट्याचा रस्ता झाडीत असे, परंतु तो झाडोन होताच घड्याळ गल्लीतल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधोन सावलीत बसे. कुत्रे ते, मोटारींमागे धावले, डुकरांमागे धावले, कुत्रीमागे तर दोन पेठा ओलांडोन गेले, आणि घड्याळास मनगट कोणते नि मान कोणती हे कळेना. त्याच साली कारभाऱ्यांनी सर्वांत अधिक चालणाऱ्या दोनशे बायांस शाल-श्रीफळ दिले, आणि यांच्या पायांवर राज्य उभे आहे म्हणोन भाषण केले, आणि त्या पायांत चार पाय कुत्र्याचे होते. हे सर्व ग्रंथात छापले गेले आणि नगर पोट धरधरोन हसले.

मग कारभाऱ्यांच्या नाकास मिरच्या झोंबल्या. दोनशेंत सतरा कोणती हे त्यांस समजेना, म्हणोन कुलगुरू विश्वासराव घारपुरे यांस हुकूम गेला, की बाईंकडोन नाव काढावे, सतरास कामावरोन घालवू. कुलगुरूंनी हेमांगीबाईंस बोलाविले, चहा दिला, बिस्किटे दिली, आणि म्हणाले की विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, ती आपलीच समजा, फक्त नाव तेवढे द्यावे. बाई बोलिल्या की ग्रंथ निघताच यादी जाळिली, तीही शोध करणारांची रीतच आहे. हे ऐकोन कुलगुरूंच्या जिवात जीव आला, कारण माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. त्यांनी कागद पुढे सारिला, की नाव आपणांस ठाऊक नाही इतकेच लिहावे, जागाही आपली, आणि प्रकरणही मिटले.

हेमांगीबाईंनी कागद वाचिला आणि परत सारिला. "सर, मला नाव ठाऊक आहे. पाठ आहे. ठाऊक नाही असे मी लिहिणार नाही, आणि नावही देणार नाही."

"बाई, एका झाडणारीपायी बावीस वर्षांवर पाणी सोडता?"

"तिचीही वर्षे आहेत, सर. किती ते सांगणार नाही."

त्याउपर जे व्हावयाचे ते जाहले. विभागप्रमुखाची जागा दुसऱ्यास गेली, बाईंच्या खोलीस सील लागले, संगणक उचलोन नेले आणि महिनाभर उकरले, आणि त्यात विद्यार्थ्यांचे निबंध आणि आमटीची एक कृती निघाली. शिस्तभंग म्हणोन त्यांस नोकरीवरोन दूर केले. बाई तिसऱ्या मजल्यावरोन पुस्तकांची खोकी आपल्या हाते खाली आणीत होत्या, आणि जिन्यात भेटला तो प्रत्येक पंडित भिंतीकडे पाहात होता. बाईंस वाईट वाटले, रडूही आले, परंतु नाव आले नाही.

एवंच वर्तमान इतके. क्रमांक सतरा अद्याप कामावर आहे, आणि सकाळी रस्ता झाडते. बखरीत सर्वांची नावे लिहावी असा शिरस्ता आहे. कारभाऱ्यांचे नाव लिहिण्याजोगे नाही म्हणोन लिहिले नाही. सतराचे नाव खुद्द तिणेच सांगितले म्हणोन आम्हांस ठाऊक आहे, तेही लिहीत नाही. ज्यास पाहिजे असेल त्याने आमचीही चौकशी लावावी.