आप्पांचं सॅम्पल

आमच्या अष्टमी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजली म्हणून लगेच पोरांना मिळत नसे. आधी बाळाराम आप्पा येत, घरून आणलेला स्वतःचा चमचा घेऊन. "सॅम्पल," एवढंच म्हणत आणि तिसरीतल्या नातीच्या, स्वराच्या शेजारी मांडी घालून बसत. बाकीची पोरं रिकाम्या ताटल्या वाजवत राहत.

आप्पा माझे शेजारी. सगळी नोकरी रोह्याच्या कंपनीत सॅम्पल तपासण्यात गेली. तिथं सॅम्पल पास झाल्याशिवाय एक पिंप गेटबाहेर जात नसे. निवृत्त झाल्यावर पिंपांच्या जागी खिचडी आली, इतकंच. शाळेतल्या जेवणाची आधी मोठ्या माणसाने चव घ्यावी असा नियमच आहे, आणि शाळेच्या समितीवर स्वराचे पालक म्हणून आप्पाच होते. मुलाला वेळ नसायचा, यांना भरपूर.

स्वरा एक घास खाई, आप्पा एक घास खात. मग उभं राहून निकाल.

"मीठ कमी हाय. जबाबदार कोन?"

"मीच," खिचडी शिजवणारी शेवंती हातातला डाव न थांबवता म्हणे. "दुसरं कोन हाय हितं?"

पण आप्पांचं तेवढ्यावर भागत नसे. नळ गळतो, जबाबदार कोण? पंखा कुरकुरतो, जबाबदार कोण? मुख्याध्यापिका राणेबाई रोज पेणहून येत. एकदा उशीर झाला तेव्हा त्यांनी वैतागून "रेल्वे" असं उत्तर दिलं. आप्पा स्टेशन मास्तरांना विचारून आले. बाई मला म्हणाल्या होत्या, "साहेब तपासणीला कधीतरी येतात हो. हे रोज येतात."

या जूनमध्ये मुलाने पेणला फ्लॅट घेतला आणि स्वराला तिथल्या खाजगी शाळेत घातलं. "खाजगीत लक्ष देतात, बाबा. तिकडं जबाबदारी असते," तो म्हणाला. शब्द आप्पांचाच होता. नात गेली तसं समितीतलं नावही गेलं. बाईंनी ते फार जपून सांगितलं. आप्पांनी चमचा धुतला, खिशात घातला आणि घरी आले. त्यानंतर ते शाळेकडे फिरकले नाहीत.

काही दिवसांनी मी गणपतीची मूर्ती सांगून ठेवायला पेणला निघालो, तर आप्पा बरोबर आले. चमचा खिशात होता. मूर्ती सांगून झाल्यावर मला म्हणाले, "चल, पोरीच्या शाळेचं सॅम्पल घेऊ."

शाळेचं गेट उंच आणि चकचकीत होतं. वॉचमनने पालकांचं कार्ड मागितलं.

"मी पालकाचा बाप हाय," आप्पा म्हणाले.

वॉचमनने यावर थोडा विचार केला आणि रिसेप्शनवरच्या मुलीला बोलावलं. ती फार गोड बोलत होती.

"जेवनाची चव कोन घेतो?"

"सर, आमचं केटरिंग आहे."

"बिघडलं तर जबाबदार कोन?"

"मॅनेजमेंट, सर."

"ते बसतात कुठं?"

"मुंबईला. तुम्ही ॲपवर फीडबॅक टाका ना, सर."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या शाळेत बाईंपासून पंख्यापर्यंत सगळ्यांना धारेवर धरणारा माणूस इथे गेटचे गज धरून उभा होता. मला गंमत वाटायला हवी होती, पण वाईट वाटलं.

तेवढ्यात जेवून परतणाऱ्या मुलांची रांग पलीकडून निघाली. स्वराने आजोबांना पाहिलं. रांग मोडायची सोय नव्हती. चालता चालताच तिने हात वर केला, चिमटीतून काही भुरभुरावं तसा अंगठा बोटावर चोळला आणि नकारार्थी मान हलवली.

आप्पा एकदम ताठ झाले.

"मीठ कमी हाय," ते गजांतून मोठ्याने म्हणाले. "जबाबदार कोन?"

रिसेप्शनवरची मुलगी हसून आत गेली. वॉचमन हळूच म्हणाला, "रोजच कमी असतं, काका."

परतीच्या गाडीत नागोठणं मागे पडलं, तेव्हा आप्पांनी चमचा काढून पाहिला आणि परत खिशात ठेवला.

"मला चव लागत नाय," मग ते म्हणाले. "मागं ताप आलेला, त्यात गेली ती आलीच नाय. पोरगी बोटांनी सांगायची, मी बोलायचो. आता कोन सांगनार?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत ताटल्या वाजायला लागल्या, तेव्हा आप्पा आपल्या ओट्यावर शाळेकडे पाठ करून बसले होते. बाईंना पातेल्यापाशी उभं करून शेवंती ताटली घेऊन आली.

"आप्पा, सॅम्पल."

"माझं नाव नाय आता कमिटीत."

"नावाचं बाईंना विचारा. पोरं खोळंबलीत."

आप्पांनी खिशातून चमचा काढला. एक घास खाल्ला आणि सवयीने शेजारी पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं. ते बराच वेळ नुसते चावत राहिले.

"राहू द्या," शेवंती म्हणाली. "तुमाला कलत नाय ते मला पयल्यापासून म्हाईत हाय. पोरीच्या बोटांकडं मी पन बघायची."

"मग आनलंस कशाला?"

"तुमी इचारनार, म्हनून मी आधी चाखून बघायची. आता इचारायला कोनीच येत नाय. काल मीठच घालायचं राहिलं."

आप्पांनी ताटलीत पाहिलं.

"जबाबदार कोन?"

"मीच," शेवंती म्हणाली आणि त्यांची ताटली रिकामी होईपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहिली.