बाबांनी गेम नीट लावून ठेवला

रिटायर झालेल्या माणसाने हौस करू नये. केलीच तर झाडांना पाणी घालावं, शेजाऱ्यांशी भांडावं, पण कॉम्प्युटरला हात लावू नये. बाबांना हे सांगणार कोण? त्यांनी एका दुपारी, जेवण जिरायच्या आत, तरुणपणी खेळलेला दीपगृहाचा गेम विकत घेतला. तो नव्याने बाजारात आला होता, अंगभर रंगरंगोटी करून.

पडद्यावर दीपगृहाचा रखवालदार आला आणि बाबांचं तोंड उतरलं.

"हा तो नव्हे."

"तोच आहे, बाबा. चित्रं नवीन काढलीत."

"आमच्या रखवालदाराचं नाक चौकोनी होतं. चार ठिपक्यांचं. हा कोणाचा तरी जावई वाटतो."

ज्याच्याशी हे बोलणं चाललं होतं, त्या मुलाने कॉलेज अर्ध्यात सोडलं होतं. त्या दिवसापासून बाबा त्याला 'चिरंजीव' म्हणत, तेही शिवी हासडावी तसं. घरात त्याला भाव यायचा तो पंखा नाहीतर कॉम्प्युटर बंद पडला की. (कॉलेज सोडलेल्याला सगळं दुरुस्त करता येतं, असा वडीलधाऱ्यांचा समज असतो. कॉलेज पूर्ण केलेल्याला काहीच येत नाही, हे त्यांनी स्वतःवरून ओळखलेलं असावं.)

आणि रविवारी मोठे काका येणार होते. काकांचं नळ, बेसिन आणि कमोडचं दुकान होतं. "पोराला माणसात आणतो," असं त्यांनी फोनवर जाहीर केलं होतं. म्हणजे सोमवारपासून काउंटरवर उभं राहायचं आणि गिऱ्हाइकांना कमोडचे फायदे समजावून सांगायचे. त्याला जगात बरंच काही नको होतं, पण त्यात हे सगळ्यात वर होतं.

बाबांनी डाव साधला. "काका यायच्या आत माझा जुना रखवालदार आणून दे. मी दादाला सांगतो, पोरगा कॉम्प्युटरचं काम करतो, त्याला सोड."

"शब्द?"

"ऑफिसात जन्मभर दुसरं काय दिलं मी लोकांना?"

काम तसं अवघड नव्हतं. नव्या गेमच्या पोटात जुना गेम शाबूत होता, एका भल्यामोठ्या फाइलीत गाठोडं बांधून ठेवलेला. ते गाठोडं सोडायचं आणि आतल्या फाइली एका दुभाष्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायच्या. जुन्या गेमचं बोलणं आजच्या कॉम्प्युटरला कळत नाही. हा प्रोग्रॅम मध्ये बसून ते समजावून सांगतो. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून तो लिहिलाय, फुकट वाटलाय, वर कोणीही उघडून आत डोकावावं अशी मुभाही दिलीय.

"फुकट?" बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "त्यांना काय मिळतं?"

"काही नाही. आवड असते."

"कॉलेज सोडलेले असणार सगळे."

शनिवारी गेम चालू झाला. चौकोनी नाकाचा रखवालदार कर्कश पिपाणीच्या तालावर हलत हलत बाहेर आला. बाबांनी चष्मा पुसला. एवढे भावुक ते मुलाच्या निकालालाही झाले नव्हते. (निकालच तसे असत म्हणा.) चिरंजीव कृतकृत्य होऊन झोपला आणि रविवारी उन्हं डोक्यावर आल्यावर उठला. बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते, बढती मिळाल्यासारखे प्रसन्न.

त्याने गेमवर क्लिक केलं. दुभाष्या म्हणाला: या फोल्डरमध्ये कोणताही गेम नाही.

"बाबा, काय केलंत?"

"काही नाही. नीट लावून ठेवलं."

त्याने घाईघाईने फोल्डर उघडला. बाबांची हयात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, रेकॉर्ड रूममध्ये गेली होती. त्यांनी 'नीट लावलेला' कागद पुन्हा कोणाच्या नजरेस पडल्याचं ऐकिवात नव्हतं.

"काय ती नावं! शून्य शून्य एक, शून्य शून्य दोन. कैदी आहेत का? सगळ्यांना नावं दिली मी."

दिली होती खरी. 'चित्रे'. 'आवाज'. 'आवाज, दुसरा'. 'समजले नाही'. आणि उरलेला सगळा गाळ 'किरकोळ' नावाच्या फोल्डरमध्ये.

"अहो, तो प्रोग्रॅम नावावरूनच गेम ओळखतो!"

"मग आता सोपंच झालं. चित्रे म्हटलंय, आत चित्रे आहेत."

"तुम्हाला काय माहीत, आत काय आहे ते?"

"जाड होती फाइल."

त्याने डोकं टेबलाला टेकवलं आणि तसाच विचारता झाला, "ती मोठी फाइल कुठाय? गाठोड्याची?"

"त्यातलं सगळं तू बाहेर काढलंस ना? रिकामं खोकं कशाला जागा अडवेल? नष्ट केली. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. नष्ट म्हणजे नष्ट."

"लग्नाचे फोटोही असेच नीट लावलेत यांनी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "शोधतेय अजून."

गेम पुन्हा उतरवून घ्यावा, तर घरच्या इंटरनेटवर त्याला दिवेलागण झाली असती आणि काका दुपारच्या चहाला हजर होणार होते. त्याने दुभाष्या लिहिणाऱ्यांच्या गप्पांच्या पानावर आपलं दुःख मांडलं. कुठल्याशा देशातून एकाने विचारलं, "फाइलींची नावं कोणी बदलली?"

"वडिलांनी."

"समजलो. माझेही." पाठोपाठ त्या सद्गृहस्थाने प्रत्येक फाइलीचं मूळ नाव आणि ती किती मोठी असते ते लिहून पाठवलं. सख्ख्या माणसांनी इतकी माया कधी केली नव्हती.

तो एकेक फाइल ताडून पाहत बसला. 'चित्रे'मध्ये लाटांचा आवाज निघाला. 'समजले नाही'मध्ये सगळा गेमच होता. शेवटची फाइल 'किरकोळ'मधून ओढून काढली, नाव बदललं, आणि दाराची बेल वाजली.

काका आत आले ते पडद्यावरचं चौकोनी नाक बघून थबकलेच. "अरे, हा अजून आहे?" चहा गार होत राहिला. दोन म्हातारे एका खुर्चीत अर्धे अर्धे बसले आणि दीपगृहाच्या बंद दारापाशी अडले. तरुणपणीही तिथंच अडले होते.

"दादा, दोर वापर."

"दोर तूच समुद्रात फेकलास!"

"मी कशाला फेकू?"

"तेव्हाही तूच फेकला होतास. अडगळ नको म्हणालास!"

बरीच बाचाबाची झाल्यावर बाबांना शब्द आठवला. "दादा, हे सगळं यानेच चालू केलं. पोरगा कॉम्प्युटरचं काम करतो. त्याला काउंटरवर नको उभा करूस."

काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "नाही करत."

कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. ते जेमतेम जमिनीला टेकतं न टेकतं तोच काका म्हणाले, "काउंटरवर काय, कोणीही उभं राहील. तू उद्या सकाळी माझ्या बिलांच्या कॉम्प्युटरवर बस. बंद पडलाय. म्हणतो, एकही फाइल सापडत नाही."

"कशाने बंद पडला?"

"कशाने म्हणजे? काही झालं नाही त्याला. तुझे बाबा आले होते, त्यांनी सगळं नीट लावून दिलं. तेव्हापासून."

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांची नजर रखवालदाराच्या नाकावरून हलली नाही.

"'किरकोळ'मध्ये बघ," ते म्हणाले.