हात सोडायचा नाही

"हॉलला तू हो म्हणालास?"

"मी काहीच म्हणालो नाही. नुसती मान हलवली."

"कशी? उभी का आडवी?"

हाडवैद्याने जरा आठवून बघितलं. "सुरुवात आडवीच केली होती गं. पण मावशी बघत होत्या ना, त्यामुळे शेवटी उभी झाली."

रविवारची दुपार होती. हाडवैद्याच्या खोलीत दोघं जमिनीवर फतकल मारून बसले होते आणि आपल्याच लग्नातलं काय काय हातचं गेलं त्याचा हिशेब लावत होते. आता हाडवैद्य म्हणजे काही खरा वैद्य नव्हे. तो हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायचा, दिवसभर लोकांचे मोडलेले हातपाय बांधायचा. हे नाव त्याला चुळबुळने दिलं होतं. आणि चुळबुळ हे नाव तिला घरच्यांनी दिलं होतं, कारण ती पाळण्यातसुद्धा एका जागी पडून राहिली नव्हती. मोठी झाल्यावर ती लोकांना गाडी चालवायला शिकवायला लागली, म्हणजे तिथेही एका जागी बसायला नको!

दोघांचं लग्नाचं गणित एकदम सोपं होतं. सकाळी नोंदणी कार्यालयात सह्या, दुपारी चुळबुळच्या घरच्या गच्चीवर जेवण. गच्चीत मावतील तेवढीच माणसं. कठडा आला की पाहुणे संपले. चुळबुळला हे आवडलं होतं आणि हाडवैद्याचा तर जीवच त्यात अडकला होता. गर्दी दिसली की बिचाऱ्याची वाचा बसायची. लग्न ठरलं त्या दिवशी घरात जेमतेम दोन्हीकडची माणसं होती, तरी कुणीतरी "काय करता आपण?" विचारल्यावर हा "छान आहे" म्हणाला होता. हॉलभर लोकांसमोर याचं काय झालं असतं!

पण मध्ये होती मावशी. चुळबुळला लहानाचं मोठं मावशीने केलेलं, त्यामुळे मावशीला डावलून लग्न करणं म्हणजे छप्पर काढून घरात राहणं. मावशीची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. कुणाची लाइन कधी तोडायची आणि कुणाला कुणाशी जोडायचं, हे तिच्या हाडामांसात भिनलेलं. दोघांना एकत्र गाठायचंच नाही, ही तिची युक्ती. "चुळबुळ, जरा पाणी आण गं," म्हणायची आणि ती आत गेली की हाडवैद्याकडून हॉल काढून घ्यायची. मग "जावईबापू, जरा खाली बघता का, माझी छत्री रिक्षात राहिली वाटतं," म्हणायची आणि तो खाली गेला की चुळबुळकडून बँडवाले. छत्री कायम पर्समध्येच असायची.

"आज पाच वाजता येणार आहे," चुळबुळ म्हणाली. "जेवणावळीचं बोलायला."

"मग आज हात सोडायचा नाही. काही झालं तरी एकमेकांचा हात सोडायचा नाही," हाडवैद्य म्हणाला.

"तू सोडशील."

"नाही सोडणार."

"मागच्या वेळी तिने नुसतं 'अय्या, पाल' म्हटलं तर तू गॅलरीत होतास." चुळबुळ उठून खोलीभर फिरायला लागली आणि कपाटावरच्या डब्याशी थांबली. दवाखान्यात नवीन लागलेल्या पोरांना शिकवायला म्हणून हाडवैद्य प्लास्टरच्या गुंडाळ्या त्यात ठेवायचा. "ए, बांध ना."

"काय?"

"आपले हात. एकत्र. बघू तरी कसं वाटतं. तू सगळ्या जगाला प्लास्टर घालतोस, मला एकदा पण घातलं नाहीस."

आता असं कुणी लाडात म्हटल्यावर माणूस काय करणार? हाडवैद्याने तिचा डावा हात आपल्या उजव्या हातात घेतला. दोन्ही हातांवर आधी मऊ कापूस गुंडाळला, कारण गंमत असली तरी काम म्हणजे काम. मग त्याने पांढरी गुंडाळी उचलली.

"शी! पांढरं काय? लग्नाचं आहे. ते पोपटी घाल."

आणि हाडवैद्याने पोपटी घातलं! एकेकच हात मोकळा, म्हणून तो गुंडाळी खालून द्यायचा आणि ती वरून घ्यायची. डोकी जवळ आलेली, ती हसतेय, तो तिच्याकडे बघतोय. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत असं सुबक काम झालं, की डॉक्टरांनी पाठ थोपटली असती.

"आता हे मावशी यायच्या आधी काढायचं कसं?" तिने विचारलं.

"सोपं आहे. कोमट पाण्यात बुडवायचं, दहा मिनिटांत विरघळतं."

दोघं बादलीत हात बुडवून बसले. दहा मिनिटं झाली, आणखी दहा झाली. प्लास्टर विरघळायचं सोडून नुसतं चकाकायला लागलं. आणि मग हाडवैद्याचा चेहरा असा झाला, जसा जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकणाऱ्याचा होतो.

"काय झालं?"

"पांढरं विरघळतं," तो म्हणाला. "पोपटी फायबरचं असतं. ते पाण्याने आणखी घट्ट होतं."

"हे तुला आत्ता आठवलं?"

"तू इतकी जवळ बसली होतीस!"

यावर चुळबुळला रागवावं का लाजावं ते कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. कात्रीची टोकं वाकली, सुरी घसरली. हे कापायला फिरतं मशीन लागतं आणि मशीन होतं दवाखान्यात. "चल, पटकन जाऊन येऊ," म्हणून ती उठली, तर ओढला जाऊन तोही उठला, आणि तेवढ्यात बेल वाजली. पाच वाजायला अजून बराच वेळ होता. पण मावशीच ती, लोक सावध व्हायच्या आत यायची.

चुळबुळने सोफ्यावरची उशी ओढून हातांवर टाकली आणि दोघं उशीला धरून दाराशी गेले.

"उशी कशाला घेऊन फिरताय?" मावशीने आत येता येताच विचारलं.

"मऊ आहे," हाडवैद्य म्हणाला.

मावशीने एकदा त्याच्याकडे, एकदा उशीकडे बघितलं आणि ती खुर्चीत बसली. "बरं. चुळबुळ, पाणी आण गं."

दोघं उठले, उशीसकट आत गेले, पाणी घेऊन आले.

"जावईबापू, माझी छत्री बघता का जरा खाली?"

दोघं उठले, उशीसकट खाली गेले, हात हलवत वर आले.

मावशीच्या कपाळावर आठी पडली. असं तिच्या नोकरीतसुद्धा कधी झालं नव्हतं. तिने गॅसचा वास येतोय म्हणून बघितलं, शेजारी कुणी हाक मारतंय म्हणून बघितलं. दर वेळी दोघं जोडीने उठायचे आणि जोडीने बसायचे. हाडवैद्याला तर वाटायला लागलं, हे काय वाईट आहे? असंच राहू की!

"पुरे झालं आता! सोडा ते हात. कळलं मला, खूप प्रेम आहे," असं म्हणून मावशीने उशी खेचली.

मावशी त्या पोपटी गाठोड्याकडे बघत राहिली.

"मोडलं? दोघांचं? एकाच ठिकाणी?"

"नाही मावशी," चुळबुळ म्हणाली, "सराव करतोय."

"कसला?"

"संसाराचा."

शेवटी खरं सांगावं लागलं. मावशी हसली नाही, पण तिला खोकला बराच वेळ येत राहिला. "चला, मी पण येते दवाखान्यात," ती म्हणाली. "वाटेत बोलता येईल."

खाली चुळबुळची शिकवायची गाडी उभी होती. टपावर शिकाऊची पाटी आणि शेजारच्या सीटपुढे पायाशी शिकवणाऱ्याचे जादा क्लच-ब्रेक. एरवी तिथे चुळबुळ बसायची. आज ती स्टिअरिंगवर, हाडवैद्य शेजारी आणि दोघांच्या मध्ये गिअर. म्हणजे गिअर टाकायचा तर दोघांनी मिळून!

"दुसरा टाक!"

"टाकतोच आहे, तूच वर ओढतेयस!"

"मी कशाला ओढू? तुझा हात जड आहे!"

"आपला हात म्हण."

मागून मावशीने सुरू केलं, "तर मी काय म्हणते, हॉलला..." आणि गाडी खाडकन थांबली. हॉल शब्द ऐकला की हाडवैद्याचा पाय आपोआप ब्रेकवर जात होता. चौकापर्यंत मावशी तीनदा हॉल म्हणाली आणि तिन्ही वेळा मागचे गाडीवाले हॉर्न बडवत राहिले. चुळबुळचा एक विद्यार्थी सायकलवरून चालला होता. तो काचेशी येऊन फार अदबीने म्हणाला, "मॅडम, क्लच हळूहळू सोडायचा असतो."

प्लास्टरच्या खोलीबाहेर बाकावर रविवारचे पडलेले-झडलेले बसले होते. पाय प्लास्टरमध्ये घातलेले एक आजोबा आणि त्यांची आजी, कोपर धरून एक सायकलवाला, मनगट सुजलेल्या एक बाई. आत ड्यूटीवर हाडवैद्याचा दोस्त होता. प्लास्टर कापायचं मशीन तोच चालवायचा, म्हणून सगळे त्याला करवत्या म्हणायचे. करवत्याने आधी पोटभर हसून घेतलं, मग फोटो काढला, मग सिस्टरला बोलावून तिच्याकडून आणखी एक काढून घेतला.

"काम मात्र झकास केलंयस रे," त्याने प्लास्टरवर टिचकी मारली आणि मशीन सुरू केलं. घूंऽऽ!

"थांबवा," मावशी म्हणाली.

मावशीचा तो खात्यातला आवाज होता. मशीन आपोआप बंद पडलं म्हणा ना.

"आधी हॉलचं पक्कं होऊ दे, मग कापा."

"अहो काकू, असं अडकवून..."

"मी कुठे कापू नका म्हणते? प्रतीक्षा करा म्हणते."

हाडवैद्याच्या तोंडचं पाणी पळालं. दारात सगळा बाक गोळा झाला होता. आजोबा एका पायावर, आजी त्यांना धरून, मागे बाकीचे. "कसला हॉल?" मनगटवाल्या बाईंनी विचारलं. मावशीला वाटलं, आपल्या बाजूने माणसं मिळाली. तिने सगळं सांगितलं. एकुलती भाची, आयुष्यभर जोडलेले लोक, आणि ही पोरं म्हणतात गच्ची!

"गच्चीच बरी," आजोबा म्हणाले. "आमच्या लग्नात एवढी गर्दी होती, की मी अर्धे फोटो भलत्याच मुलीबरोबर काढले."

"भलत्याच नाही, माझ्या बहिणीबरोबर," आजी म्हणाली. "आणि सगळ्यांत चांगले तेच आलेत."

"भावाच्या लग्नात मी नुसता वाढतच होतो," सायकलवाला म्हणाला. "घरी येऊन पाव खाल्ला."

बाईंनी सुजलेलं मनगट वर केलं. "पाहुणे येणार म्हणून पडदे लावत होते. हे बघा. आणि चारच होते पाहुणे!"

मावशीने सिस्टरकडे बघितलं. सिस्टर छताकडे बघायला लागली. मग चुळबुळ पुढे झाली, म्हणजे दोघं पुढे झाले.

"राहू दे मावशी, कापूच नका. असेच उभे राहतो आम्ही हॉलमध्ये. तुझ्या टेलिफोनच्या सगळ्या मैत्रिणी येतील आणि प्रत्येक फोटोत आमच्या मध्ये हा दुधी."

मावशीने डोळे मिटले. तिला बहुतेक फोटो दिसले असावेत. मग ती म्हणाली, "गच्ची तर गच्ची. कापा."

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! आजोबा टाळ्या वाजवायला गेले आणि पडता पडता वाचले. घूंऽऽ करत प्लास्टर दोन फाकांत उघडलं, आतून कापूस लागलेले, सुरकुतलेले दोन हात बाहेर आले. हाडवैद्य बोटं उघडमीट करत भिंतीला टेकला. झालं. सुटलो. सह्या, गच्ची, कठडा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एवढ्या माणसांसमोर छान वाटत होतं.

चुळबुळचे मात्र डोळे भरून आले होते. "तुम्ही ओळखीचे ना पाळखीचे," ती बाकवाल्यांना म्हणाली, "आणि आमच्यासाठी एवढं भांडलात! लग्नाला अशीच माणसं पाहिजेत. यायचं हं तुम्ही! सगळ्यांनी!"

"येऊ की!" आजोबा खुश झाले. "मुलगा-सून पण येतील, मला जिना चढवायला कुणी तरी पाहिजे."

"आणा ना! नातवंडं पण आणा!"

"आम्ही बहिणी-बहिणी येऊ," पडदेवाल्या बाई म्हणाल्या.

"माझी सायकलवाली गँग?"

"अरे, विचारतोस काय?"

"आणि इथली रात्रपाळी?" करवत्या म्हणाला. "त्यांना राग येईल हां."

"रात्रपाळी, दिवसपाळी, सगळे या! सिस्टर, वरच्या वॉर्डातपण सांगा!"

हाडवैद्याने तिची बाही ओढली. तिला कळलंही नाही, ती आता अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला बोलवत होती. त्याने मग मदतीसाठी मावशीकडे बघितलं.

मावशी बाकावर शांत बसली होती. तिने पर्समधून फोन काढला, चष्मा नाकावर सारखा केला आणि हॉलवाल्याचा नंबर शोधायला लागली.

"मावशी..." हाडवैद्य म्हणाला.

"मी काही बोलले का?" मावशी म्हणाली.