रामटेके गुरुजींचं शिकागो

सडक अर्जुनीत कुणी रामटेके गुरुजींना तहसील कचेरीचा रस्ता विचारला, तर ते म्हणत, "समोर विचारून पाहा." शिकागोतल्या चायनाटाऊनहून पिल्सनला कसं जायचं, हे मात्र ते न विचारताच सांगत.

"एकवीस नंबरची बस. भिंतीभिंतीवर चित्रं दिसू लागली का समजा, मेक्सिकन लोकायचा मोहल्ला आला. उतरून जा!"

गुरुजी आमचे शेजारी, निवृत्त, एकटे. नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. त्या उन्हाळ्यात मुलगी सुनीता नोकरीसाठी शिकागोला गेली आणि तिने बसचा नकाशा पाठवला. गुरुजींनी तो ओसरीच्या भिंतीवर लावला, एकेक वस्ती रंगवली. ग्रीकांची निळी, चिन्यांची लाल, आपल्या लोकांच्या दुकानांची हळदी रंगाची. पोलिश पावाचा वास कुठल्या कोपऱ्यावर येतो, हेही ते डोळे मिटून सांगत. बाहेर हायवेवर ट्रक धडाडत आणि आम्ही ओसरीवर बसून तिकडच्या समुद्राएवढ्या तळ्याचा वारा खात असू.

"जाऊन आल्यासारखं काऊन सांगता, गुरुजी?" माझे यजमान चिडवत.

"रोज जाऊन राहिलो न मी!"

दिवाळीनंतर आमच्या गल्लीची बोदलकशाच्या तलावावर सहल ठरली. यादी माझ्याकडे. बस सकाळी सहाची. बावीस नावं, माणसं एकवीस. मी गुरुजींकडे गेले.

ते नकाशापुढे उभे होते. बोट पिल्सनमधल्या एका गल्लीवर. चहाचं पातेलं कोरडं.

"गुरुजी, ड्रायव्हर हॉर्न मारून राहिला!"

"पोरगी घरी पोचली नाही, बाई. फोन बी लागून नाही राहिला."

मग कळलं. आपल्याकडे पहाट तेव्हा तिकडे संध्याकाळ. सुनीता कामावरून निघाली की यांचं बोटही निघायचं. चायनाटाऊन, नदी, पिल्सन. साडेपाचला तिचा मिस्ड कॉल आला, म्हणजे पोचली, मगच चहा. आज सहा वाजून गेले आणि बोट तिच्या दारातच उभं.

हिवाळा तोंडावर आला की तिकडे अख्खं शहर घड्याळ तासभर मागे घेतं, म्हणून आपल्या साडेपाचला ती फोन बंद ठेवून अजून कामावरच होती, हे सुनीताने नंतर सांगितलं. त्या सकाळी आम्हा दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. मी बस थांबवून ठेवायला सांगितलं आणि त्यांच्याजवळ बसले.

साडेसहाला फोन एकदाच वाजला, थांबला. गुरुजींनी बोट उचललं. टोक पांढरं पडलं होतं.

बसमध्ये मी त्यांच्या नावापुढे खूण केली. बाहेर धानाच्या बांध्यांवर धुकं होतं. ते त्यात काहीतरी ओळखीचं बघत होते.

"बाई, माझ्याखाली सुनीता लिहा न."

मी लिहिलं.

"अन् खूण करा. पोचली."